मरायला ठेवलेला

आमच्या बोटींच्या कंपनीत माणसं दोनच प्रकारची, कायम आणि कंत्राटी. कायमवाल्यांच्या गळ्यात निळी पट्टी, कंत्राटींच्या गळ्यात पिवळी. कंत्राटी माणसाचे पाच महिने भरले की त्याला आठवडाभर घरी बसवायचं, मग नवा कागद करून परत बोलवायचं. कारण सहा महिने सलग झाले तर कायद्याने कायम करावं लागतं. सेबूत काय, अख्ख्या फिलिपिन्समध्ये हे कोणाला नवं नाही. माझी धाकटी बहीण अशीच मॉलमध्ये बूट विकत म्हातारी झाली.

मी नेनिंग. ऑफिसात सगळे मला मानांग म्हणतात, म्हणजे माझ्याहून थोरली बाई तिथे उरलेली नाही. मशीन माझ्या ताब्यात. तिकिटं, बुकिंग, पैसे, प्रवाशांना जाणारे मेसेज, जे काही आहे ते त्या एका सर्व्हरवर चालतं, आणि तो पडला की आधी माझ्या नावाने शंख होतो.

आता मेमरीचं सांगते, त्याशिवाय पुढचं डोक्यात शिरायचं नाही. मशीन मोठं दिलदार असतं. कुठलाही प्रोग्रॅम येऊन म्हणाला, मला एवढी मेमरी हवी, की ते म्हणतं, घे बाबा. दुसऱ्यालाही म्हणतं घे, तिसऱ्यालाही घे. तेवढी मेमरी त्याच्याकडे नसतेच! आमची मालकीण मॅडम पुरिंग फिएस्टाला, म्हणजे गावजत्रेला, सगळ्या बंदराला जेवायला या म्हणते ना, तसलंच. सगळे एकदम येत नाहीत हे तिला पक्कं माहीत असतं, म्हणून तिचं निभावतं. मशीनचंही रोज निभावतं. पण ज्या दिवशी सगळे एकदम पानावर बसतात, त्या दिवशी मशीन गयावया करत नाही, माफी मागत नाही. पंगतीतून एकाला उचलतं आणि ठार करतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या या भागाला आम्ही जल्लाद म्हणायचो. त्याचा न्याय सरळ आहे: जास्त खातो कोण ते बघायचं आणि त्याची मान उडवायची. त्याने मेमरी मोकळी होते, बाकीचे जगतात.

पण न्याय आहे म्हटल्यावर वशिलाही आलाच. एखाद्या प्रोग्रॅमच्या नावापुढे वजा एक हजार लिहिलं की जल्लाद त्याच्या वाटेला जात नाही, मग तो कितीही हादडो. ही सोय एकदोन अगदी मोलाच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली. आमच्याकडे तिचा रिवाज झाला. ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो माणूस कायम झाला, की त्याच्या प्रोग्रॅमलाही वजा एक हजार. केक कापायचा, निळी पट्टी घालायची, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचं, मानांग, आता आमच्या लेकरालाही संत करा. तसं मी एकेकाला संत करत गेले. सगळ्यांत लठ्ठ संत रोमेलचा. हा रोमेल आमचा साहेब, मॅडम पुरिंगचा भाचा. त्याने नाताळच्या लकी ड्रॉचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो नुसता बसल्या जागी एवढी मेमरी गिळायचा की मला त्याचा आकडा बघूनच ढेकर यायची.

शेवटी बिनसंताचा एकच उरला. नेस्तोरचा.

नेस्तोर माग्लासांग. बोहोल बेटावरचा पोरगा, सडपातळ, कॉलर कायम वाकडी, गळ्यात पिवळी पट्टी. त्याचा प्रोग्रॅम प्रवाशांना मेसेज पाठवायचा: तुमची बोट अमुक धक्क्यावर लागेल, तमुक फेरी रद्द झाली. चिमूटभर खाणारा प्रोग्रॅम. पण बाकीच्यांना हात लावायचा नाही म्हटल्यावर जल्लाद जाणार कुठे? गर्दीच्या दिवशी खायचे दुसरे आणि मरायचा हा. नेस्तोरने ते ओळखून त्याला मरायला शिकवलं होतं. पाठवायचा प्रत्येक मेसेज तो आधी डिस्कवर टिपून ठेवायचा, मगच पाठवायचा. जल्लादाने मारला की आपोआप उठायचा, कुठे थांबलो होतो ते बघायचा आणि पुढे चालू. एक मेसेज हरवायचा नाही. त्याच्या मरण्यावर आमचं सगळं मशीन उभं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. शपथेवर सांगते, ऑफिसातल्या झाडूवाल्याला सोडून सगळ्यांना.

कोणीतरी ओरडायचं, "नेस्तोर, तुझं पोर मेलं रे!"

तो मान न वळवता हात वर करायचा. "उठतंय, उठतंय. दोन घास कमी खा म्हणावं तुमच्या संतांना."

"तू कायम हो, मग त्यालाही कोणी मारणार नाही."

हे वाक्य त्याला लागायचं. तो चेरी माएशी लग्न करणार होता. कार्बन बाजारामागच्या बेकरीत काम करायची ती. तिचा बाप निवृत्त खलाशी, जिभेला हाड नाही. नेस्तोर मला सगळं सांगायचा. दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, चार लोकांत म्हातारा विचारायचा, "काय रे, झालास का कायम?"

"अजून नाही, काका."

"मग दर पाच महिन्यांनी ज्याला घरी बसवतात त्याला मी मुलगी देऊ? जेव आमच्याकडे, आणि जेवून निघ."

आणि हा बावळट खरंच जेवून निघायचा. मी म्हणायची, "तिला घेऊन पळ की मेल्या!" तर म्हणायचा, "मानांग, बापाने दिली नाही तर ती येणार नाही. मी विचारलं तिला."

त्या वर्षी नाताळची पार्टी आधीच, एका दुपारी ठेवली होती, बंदराजवळच्या हॉलमध्ये. डुक्कर भाजून झालं, नाच स्पर्धा झाली, विक्रीवाल्या बायका परीच्या पंखांत घामाघूम झाल्या. मग रोमेलने माइक घेतला. तांबडी टोपी, डोळे जरा चढलेले. म्हणाला, "यंदा साहेबाकडून खास भेट आहे. नेस्तोर, ये दोंग, ये पोरा, वर ये. जानेवारीपासून तू कायम! सही सुटीनंतर होईल, पण शब्द आजच दिला!"

हॉल उठला नुसता. नेस्तोरचं तोंड असं झालं की रडतोय की हसतोय कळेना. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"आणि," रोमेल म्हणाला, "आता याचं पोर पोरकं ठेवायचं नाही. मानांग, उघडा मशीन! सगळ्यांच्या देखत याच्या प्रोग्रॅमला संत करायचं!"

गाण्यांसाठी पडदा लावलेलाच होता. मी लॅपटॉप जोडला. नेस्तोर माझ्याकडे बघायला लागला, मग रोमेलकडे. हळूच म्हणाला, पण माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, मला कायम केलंत, उपकार झाले. पण त्याला तसाच राहू द्या. कोणीतरी मरणारा लागतो, सर."

लोक खो खो हसले. रोमेल हसला नाही.

"नाताळात मरायच्या गोष्टी काढतोस होय रे, दोंग? साहेब भेट देतोय आणि तू म्हणतोस नको?"

"नको असं नाही, सर."

"मग काय? निळी पट्टी पण नको असेल तर तसं सांग."

रोमेल बावळट नाही हो, अभियांत्रिकी शिकलाय. मरायला एकही उरला नाही की काय होतं हे पहिल्याच वर्षाला शिकवतात. तो जाणत होता, मी जाणत होते, पंखवाल्या बायकाही जाणत होत्या. पण साहेबाने माइकवरून दिलेली भेट परत करायची? चारचौघांत साहेबाचं नाक कापणारा माणूस आमच्याकडे फेब्रुवारी बघत नाही. नेस्तोरने मान खाली घातली आणि म्हणाला, "थँक्यू, सर." मी वजा एक हजार टाइप केलं. टाइप करायचा पगार मिळतो मला, साहेबाला शहाणपण शिकवायचा नाही.

आठवडा गेला आणि वादळ आलं. नाताळ तोंडावर, अर्धं सेबू गावी निघालेलं, पोरंबाळं, खोकी, कोंबडे घेऊन धक्क्यावर आलेलं, आणि सकाळी तटरक्षकांनी सगळं बंदर बंद केलं. एकही बोट सुटणार नाही. झालं! एकाच वेळी सगळे तिकिटं बदलायला लागले, पैसे परत मागायला लागले. सगळे संत एकदम पानावर बसले.

मेमरी संपली. जल्लाद उठला आणि डावीकडे बघतो तो संत, उजवीकडे बघतो तो संत. आधी त्याने मशीनची स्वतःची चिल्लर मारली, नोंदी ठेवणारा एक, घड्याळ बघणारा एक. मग मी मशीनमध्ये शिरून बसले होते, तर मलाच बाहेर फेकलं. टाइप करता करता पडदा गोठला. त्यानंतर मारण्यासारखं कोणी राहिलं नाही. आणि मारायला कोणी राहिलं नाही की मशीन स्वतः मरतं. गप्प उभं राहतं, बस. तिकीट नाही, पैसे नाहीत, मेसेज नाही. धक्क्यावर लोक पावसात उभे, कोणी सांगायला नाही की बोट यायचीच नाहीये.

मी मशीन पुन्हा सुरू केलं. सगळे संत उठले, पोट भरून जेवले, मशीन पुन्हा मेलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मेलं.

मी म्हटलं, "सर, तुमचा लकी ड्रॉ तासभर बंद करा. तो एकटा अर्धं मशीन खातोय."

"वेड लागलंय का, मानांग? दुपारी मावशी स्वतः सोडत काढणार आहे, कॅमेऱ्यासमोर."

"मग तिकीट विक्रीवरचा वजा हजार काढू?"

विक्रीची बाई किंचाळली, "माझ्यावरच का? आधी पैशांवरचा काढा!" पैशांवाला म्हणाला, "हात तर लावून बघा." मोठ्या सोसायटीत पार्किंगवरून भांडतात तसे भांडत होते मेले, आणि खाली धक्क्यावर पोरं भिजत होती.

नेस्तोर माझ्या खुर्चीमागे उभा होता. तो म्हणाला, "मानांग, माझ्यावरचा काढा. लवकर."

मी वळून बघितलं. रोमेलनेही बघितलं. कोणी नको म्हणालं नाही. मी मशीन सुरू केलं आणि सगळ्यांत आधी नेस्तोरच्या प्रोग्रॅमवरचा आकडा पुसला. मेमरी भरली, जल्लाद आला, त्याने नेस्तोरच्या पोराला मारलं, ते उठलं, पुन्हा मारलं, पुन्हा उठलं. आणि त्या चिमूटभर मोकळ्या होणाऱ्या जागेवर मशीन उभं राहिलं. मरता मरता त्या पोराने सगळे मेसेज पोचवले. धक्क्यावरची माणसं हळूहळू पांगायला लागली, ते आम्हाला खिडकीतून दिसत होतं. मला नेस्तोरची पापी घ्यावीशी वाटली.

पण तोवर कोणीतरी धक्क्यावरच्या पोराबाळांचे व्हिडिओ टाकले होते, कंपनीला सगळं सेबू शिव्या घालत होतं. संध्याकाळच्या आत मॅडम पुरिंग आली. सोडत काढून आली होती, अंगावर चमकीचा झगा. खुर्चीत बसली, गळ्यातला क्रूस हातात धरला आणि म्हणाली, "कशाने झालं?"

रोमेल अगदी मवाळपणे बोलला. "मावशी, नेस्तोरचा एक प्रोग्रॅम आहे. त्याला गेल्या आठवड्यात संरक्षण दिलं, आणि त्यानंतरच मशीन पडलं. इतकी वर्षं असं कधी पडलं नव्हतं. आज त्याचं संरक्षण काढलं, आणि लगेच ठीक झालं. मानांगला विचार."

काय करणार? एकूण एक शब्द खरा होता. मॅडम माझ्याकडे वळली.

"खरं आहे," मी म्हटलं. "पण ते संरक्षण साहेबांनीच दिलं, पार्टीत, माइकवरून."

"भेट दिली मी," रोमेल म्हणाला. "चांगुलपणा केला. मला काय माहीत त्याच्या प्रोग्रॅमचं? माहीत असायला हवं लिहिणाऱ्याला."

मॅडमने नेस्तोरला विचारलं, "तुला कळत नव्हतं का, पोरा?"

इथे त्याने खोटं बोलायचं होतं. नव्हतं कळत, मॅडम, चूक झाली, असं म्हणून पायावर डोकं ठेवलं असतं तर तिला पाझर फुटला असता. तिला रडणारी माणसं आवडतात. पण हा म्हणाला, "कळत होतं, मॅडम. मी म्हटलंही होतं."

"कळत होतं आणि तरी घेतलंस?"

जावई व्हायचं होतं म्हणून घेतलं, असं त्या चमकीच्या झग्यासमोर कोण बोलेल? मॅडमने सुस्कारा सोडला. म्हणाली, "कळत नसतं तर मी माफ केलं असतं." आणि छातीवर क्रूस काढला. त्याचं कंत्राट वर्षअखेरीला संपत होतं. ते संपू दिलं. कोणाला काढावं लागलं नाही, कोणाचं मन दुखवावं लागलं नाही. खोलीतल्या बाकी सगळ्यांच्या गळ्यात निळ्या पट्ट्या होत्या.

जानेवारीत त्याचा प्रोग्रॅम रोमेलच्या एका भावाला दिला. तो भाऊ कायम, त्यामुळे रिवाजाप्रमाणे प्रोग्रॅम पुन्हा संत. पुन्हा तीच गत झाली असती. पण रोमेल आता शहाणा झाला होता. त्याने एक नवा प्रोग्रॅम लिहिला. काहीही न करणारा. नुसती थोडी मेमरी धरून बसायचं, आणि गर्दी झाली की सगळ्यांत आधी मरायचं. मग उठून पुन्हा मरायला येऊन बसायचं. एवढीच नोकरी. भिंतीवर आमचा मोठा पडदा आहे, त्यावर प्रत्येक प्रोग्रॅमचा एक चौकोन, चालू असला की हिरवा, मेला की लाल. त्या नव्या चौकोनावर रोमेलने मोठ्या अक्षरांत नाव घातलं: नेस्तोर.

तो लाल झाला की ऑफिस टाळ्या वाजवायचं. "नेस्तोर गेला!" आणि हिरवा झाला की, "आला, आला!" आधी मी हसले नाही. मग एकदा हसले. सवय होते हो.

फेब्रुवारीत नेस्तोर कागद न्यायला आला. इतकी वर्षं इथे काम केलं, असं लिहिलेलं एक पाकीट; ते नसलं तर दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही. दार उघडलं तर मागे एक पोरगी, हातात गरम पावाची पिशवी, केसांना पीठ लागलेलं. मी ओळखलं. चेरी माए.

"मानांग तुम्हीच ना?" ती म्हणाली. "हा तुमच्याबद्दल सारखं सांगतो. मी मुद्दाम सुटी घेतली आज. हा नको नको म्हणत होता, पण म्हटलं, कायम व्हायच्या कागदावर सही होणार आणि मी बेकरीत मैदा मळत बसू? बाबापण आलेत, खाली जीपनी गाडीत बसलेत. म्हणाले, कागद दाखवा, मग वर येतो."

मी नेस्तोरकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे दोन महिने हा पोरगा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला निघत होता, आणि कुठे जात होता देव जाणे.

ऑफिसभर सगळ्यांना कळलं, एका क्षणात. पण पाहुणीसमोर माणसाला उघडं पाडायचं नाही, एवढी रीत आहे आमच्यात. रोमेल उठला, पाकीट दोन्ही हातांनी धरून बक्षीस द्यावं तसं नेस्तोरला दिलं. "अभिनंदन, दोंग." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताला एवढी खाज सुटली की त्या रोमेलच्या कानाखाली काढावीशी वाटली, आणि मी टाळ्या वाजवत होते.

नेस्तोरने पाकीट न उघडता खिशात घातलं.

तेवढ्यात चेरी माएला पडदा दिसला. "अय्या! तुझं नाव! एवढं मोठं! हे का लावलंय?"

रोमेलच बोलला, हसत हसत. "त्याच्या नावाचा प्रोग्रॅम आहे. हे मशीन आहे तोवर नेस्तोर इथून हलत नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. नेस्तोर पडद्याकडे बघत होता. त्याला सांगायची गरज नव्हती; बाजूला मेमरीचा आकडा होता, किती वेळा मेला तो आकडा होता. त्याने दोन्ही वाचले. त्याला सगळं कळलं, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं.

चेरी माए मला म्हणाली, "मानांग, काय करतो हा याच्या नावाचा प्रोग्रॅम?"

"सगळ्यांना वाचवतो," मी म्हटलं. दुसरं काय सांगू?

तिचे डोळे भरून आले. फोन माझ्या हातात कोंबत म्हणाली, "एक फोटो काढा ना आमचा. त्या नावाखाली. बाबांना दाखवते, म्हणजे त्यांचं तोंड कायमचं बंद होईल." नेस्तोरला हाताला धरून तिने पडद्याखाली उभं केलं, पावाची पिशवी दोघांच्या मधे धरली. मी फोन वर केला. दुपारची बुकिंगची गर्दी सुरू झाली होती. त्यांच्या डोक्यावरचा चौकोन लाल झाला, आणि सवयीने चार जणांनी टाळ्या वाजवल्या. चेरी माएला वाटलं त्यांच्यासाठीच. ती लाजली.

"थांबा, मानांग," नेस्तोर म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आत्ता लाल आहे. हिरवा होऊ दे, मग काढा."

चेरी माएने त्याची कॉलर सरळ केली, आणि आम्ही सगळे थांबलो.